बुसरा कोंबडी : नवापूर–साक्री भागातील देशी वाण गावातच कसा टिकवता येईल?

रंगावलीकाठ

नमस्कार. कोंबडीच्या देशी वाणांची चर्चा सुरू झाली की ती सहसा कडकनाथवर येऊन थांबते, आणि कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ-अलीराजपूर भागातला. आपल्या राज्यातील नंदुरबार जिल्ह्याचा नवापूर तालुका, धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका आणि सीमेपलीकडे गुजरातमधील सोनगड व डांगचा परिसर, एवढ्या भूभागात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेलेला बुसरा हा वाण मात्र महाराष्ट्रातील बहुतेक कोंबडीपालकांनी पाहिलेलाही नसतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. असे असूनही तो ज्या गावांतून आला त्याच गावांत तो आता शोधावा लागतो, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी बुसरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. हा लहान ते मध्यम बांध्याचा पक्षी आहे. कोंबड्याचे वजन साधारण ८५० ग्रॅम ते सव्वा किलो, कोंबडीचे त्याहून किंचित कमी. रंगांत पुष्कळ विविधता आढळते. तरी पांढऱ्या अंगावर मान, पाठ आणि शेपटीला काळी पिसे, खांद्यावर व पंखांवर तांबूस-तपकिरी पिसे आणि लाल एकेरी तुरा हे रूप अधिक दिसते. कोंबडी वर्षाला ४० ते ५५ अंडी देते आणि अंड्याचे वजन २८ ते ३८ ग्रॅम भरते. गावीत, मावची, कोकणा, भिल्ल अशा आदिवासी कुटुंबांच्या अंगणात हे पक्षी दिवसभर मोकळे चरतात, भाताचा कोंडा, कणी, किडे आणि वाळवी यांवर वाढतात आणि रात्री खुराड्यात किंवा घरातल्या बांबूच्या डालग्याखाली असतात.

हा वाण कमी होण्याची दोन कारणे मला दिसतात आणि त्यांपैकी एकच कारण लोकांच्या लक्षात राहिले आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला, तो नवापूरला. नवापूरच्या आसपास अंड्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या मोठ्या पोल्ट्री आहेत. त्यांच्याभोवती तीन किलोमीटरच्या परिघातले पक्षी तेव्हा नष्ट करण्यात आले आणि त्यांत परसातले पक्षीही गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तशीच वेळ आली. रोग माणसांपर्यंत पोहोचू नये म्हणून ते करणे आवश्यकच होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र ज्यांची खुराडी रिकामी झाली त्यांनी पुन्हा पक्षी आणले ते जिथे मिळतील तिथून, आणि एखाद्या पाड्यातला वाण त्या एका आठवड्यात संपला तर तो परत कुठून आणायचा याची व्यवस्था कोणाकडेच नव्हती.

दुसरे कारण शांतपणे चालू आहे. परसातील कोंबडीपालनाच्या सरकारी योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा सुधारित जातीच्या तलंगांचा, म्हणजे वयात येत असलेल्या पक्ष्यांचा, गट निम्म्या अनुदानावर मिळतो. गिरिराज, वनराज यांसारखे हे पक्षी संशोधन संस्थांनी खेड्यांसाठीच तयार केलेले आहेत आणि अंड्यांच्या संख्येत ते निःसंशय सरस आहेत. त्यांतल्या २५ माद्यांमुळे बुसराचे काहीही बिघडत नाही. जे बिघडते ते त्या ३ नरांमुळे, कारण ते अंगाने दांडगे असल्याने गावच्या कोंबड्याला माद्यांजवळ येऊ देत नाहीत आणि मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांना कुंपण नसते. पहिल्या पिढीत बुसराचा अंश निम्मा होतो, दुसरीत पाव, तिसरीत एक-अष्टमांश. कोंबडीची पिढी साधारण वर्षाची धरली, तर एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंतच्या काळात एखाद्या पाड्यातला वाण नावापुरता उरू शकतो.

त्यामुळे माझे म्हणणे असे आहे की बुसरा वाचवायचा असेल तर आधी कोंबडा राखला पाहिजे. कोंबड्या किती आहेत यापेक्षा गावात कोणता नर फिरतो यावर या वाणाचे भवितव्य ठरणार आहे. मी स्वतः काही वर्षे घरचा छोटा कळप सांभाळत आहे. परंतु एका घराने हे काम होणारे नाही. ज्यांना पशुवैद्यकाचा, आनुवंशशास्त्राचा किंवा अन्य वाणांचा अनुभव आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

शेतकरी_वाशीम

विषय चांगला मांडला आहे. एक स्पष्ट प्रश्न विचारतो, कारण तो कोणीतरी विचारायलाच हवा. आमच्याकडे बचतगटातल्या बायका सुधारित जातीच्या कोंबड्या पाळतात आणि त्यांना एका कोंबडीमागे वर्षाला शंभराच्या वर अंडी मिळतात. तीस-पस्तीस ग्रॅमची पन्नास अंडी देणारी, किलोभर वजनाची कोंबडी पाळा असे एखाद्या गरीब कुटुंबाला कोणत्या आधारावर सांगायचे? वाण टिकावा असे मलाही वाटते, परंतु त्याची किंमत ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांनीच का मोजावी?

रंगावलीकाठ

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर द्यायचे तर अंड्यांची संख्या बाजूला ठेवून हिशेब मांडावा लागेल.

बुसरा कोंबडीची अंडी आमच्याकडे मुख्यतः विकण्यासाठी नसतात, ती उबवण्यासाठी असतात. ती खुडूक होते, अंड्यांवर नेटाने बसते आणि पिल्ले स्वतः वाढवते. हिशेबापुरते असे धरू की ती वर्षातून तीनदा बसली, प्रत्येक वेळी तिच्याखाली दहा अंडी ठेवली, त्यांतली आठ फुटली आणि घार, मुंगूस व आजार यांतून निम्मी पिल्ले जगली. तरीही वर्षाअखेर एका कोंबडीमागे बारा पक्षी अंगणात उभे राहतात आणि त्यासाठी वीज, यंत्र, विकतचे पिल्लू किंवा पोत्यातले खाद्य यांपैकी काहीही लागलेले नसते. जास्त अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातींमध्ये खुडूक होण्याचा गुण जाणूनबुजून कमी केलेला असतो, कारण कोंबडी खुडूक असते तेवढे दिवस अंडी थांबतात. म्हणजे शंभर अंड्यांची कोंबडी म्हातारी झाली की तिच्या जागी दुसरी विकत आणावी लागते. ज्या गावाजवळ पिल्लांचा नियमित पुरवठा आहे, लसीकरण होते आणि अंड्यांना रोजचे गिऱ्हाईक आहे, तिथे सुधारित जात पाळणे शहाणपणाचेच आहे. तुमच्या बचतगटाचे त्यामुळे बरोबरच चालले आहे. जिथे पावसाळ्यात एसटीही वेळेवर येत नाही अशा पाड्यावर मात्र स्वतःची पुढची पिढी स्वतः काढणारी कोंबडी हीच कुटुंबाची ठेव असते.

आणखी एक गोष्ट. आमच्या भागात नवस, वाघदेवाची पूजा, देवमोगऱ्याची यात्रा यांसाठी कोंबडा लागतो आणि तो घरचा, गावच्या वाणाचा असावा असा आग्रह अजून आहे. म्हणून या पक्ष्याला स्थानिक बाजारात वजनाच्या मानाने अधिक भाव मिळतो. हा आधार बाहेरच्या कोणत्याही अनुदानापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

पशुवैद्य_खानदेश

वर केलेल्या हिशेबातील ‘निम्मी पिल्ले जगली’ हे गृहीतक लस न दिलेल्या गावात टिकत नाही, हे आधी सांगतो. देशी कोंबडी काटक असते हे खरे, परंतु राणीखेत अर्थात मानमोडी हा आजार गावात शिरला की तो काटकपणा पाहत नाही. एका पंधरवड्यात पाड्यातली बहुतेक खुराडी रिकामी होतात. बर्ड फ्लूची बातमी होते, राणीखेतची होत नाही, एवढाच फरक आहे. जो वाण मोजक्याच गावांत उरला आहे त्याच्यासाठी लसीकरण हे संवर्धनाच्या कामाचे पहिले अंग समजावे.

पिल्लू आठवड्याचे झाले की राणीखेतच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा, चौथ्या आठवड्यात त्याची पुनरावृत्ती करावी आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आर-टू-बी ही त्याच रोगाची लस टोचावी. आर-टू-बी लहान पिल्लांना कधीही देऊ नये, तिनेच पिल्ले दगावतात. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पंखाच्या पडद्यात देतात. आर-टू-बी आणि देवी एकाच दिवशी न देता मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. त्याआधी जंतनाशक दिले तर लस चांगली लागू पडते. आजार सुरू झालेल्या खुराड्यात टोचणी करू नये.

अडचण लसीच्या किमतीची नसून कुपीच्या आकाराची आहे. कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. सात कोंबड्या असलेले कुटुंब ती कशी आणणार? म्हणून सबंध पाड्याने एक दिवस ठरवावा, तोही पक्षी खुराड्यातून सुटण्याआधी पहाटेचा. होळीच्या आधी मोठ्या पक्ष्यांचे लसीकरण उरकलेले असावे, कारण त्यानंतरच्या उन्हाळ्यात लग्नसराई आणि बाजार यांमुळे पक्ष्यांची ये-जा वाढते आणि आजारही तिच्याबरोबर फिरतो. दोन-चार पक्षी मेले की उरलेले घाईने बाजारात नेण्याची किंवा नातेवाइकांकडे पाठवण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे रोग दहा गावांत पोहोचतो; ही रीत थांबवणे लसीइतकेच महत्त्वाचे आहे.

बर्ड फ्लूविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. सध्याच्या कृती आराखड्यात बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचे पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख असते. त्यामुळे जातिवंत पक्ष्यांचे कळप एकाच गावात एकवटणे धोक्याचे आहे. ते एकमेकांपासून आणि मोठ्या पोल्ट्रींपासून दहा किलोमीटरहून अधिक अंतरावर विखुरलेले असावेत, म्हणजे एका ठिकाणी दुर्दैव ओढवले तरी बाकीचे हाती राहतील.

वंशावळ

मी पशुप्रजननाच्या क्षेत्रात काम करते. धागाकर्त्यांचा ‘आधी कोंबडा राखा’ हा मुद्दा संख्याशास्त्रानेही सिद्ध होतो, म्हणून थोडे आकडे देते.

कळपात डोकी किती यावरून त्याची आनुवंशिक ताकद कळत नाही. तिच्यासाठी परिणामकारक संख्या काढतात, म्हणजे वंश पुढे नेण्याच्या दृष्टीने तो कळप खरोखर किती पक्ष्यांएवढा आहे हे पाहतात. नरांची संख्या, माद्यांची संख्या आणि चार यांचा गुणाकार करून त्याला एकूण पक्ष्यांच्या संख्येने भागायचे. २ कोंबडे आणि २० कोंबड्या असतील तर डोकी बावीस असली तरी परिणामकारक संख्या ७ च्या जवळपास येते आणि दर पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातील पैदास, सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच बावीस पक्ष्यांत ५ कोंबडे आणि १७ कोंबड्या ठेवल्या तर ती संख्या १५ च्या वर जाते आणि वाढ निम्म्याहून कमी होते. अंतःप्रजनन वाढले की आधी अंडी फुटण्याचे प्रमाण घटते, मग पिल्लांची मरतूक वाढते, आणि पालकाला वाटते की वाणच कमजोर आहे.

संवर्धनासाठी परिणामकारक संख्या किमान ५० असावी असे मानले जाते. १५ नर आणि ७५ माद्या ठेवल्या तर हे गणित नेमके ५० येते. हे एका ठिकाणी कोणालाच झेपणार नाही. परंतु पाच गावांनी प्रत्येकी ३ नर आणि १५ माद्या सांभाळल्या तर ते सहज जमण्यासारखे आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेले अंतरही त्यात पाळता येते. माद्या त्याच गावात राहू द्याव्यात आणि तरुण नर मात्र दरवर्षी पहिल्या गावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि पाचव्यातून पुन्हा पहिल्यात असे फिरवावेत. प्रत्येक गावाच्या पक्ष्यांच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घातले तर वहीशिवायही वंश ओळखता येतो. शक्य असेल तर प्रत्येक कोंबड्याचा एक मुलगा आणि प्रत्येक कोंबडीची एक मुलगी पुढच्या पिढीसाठी ठेवावी. एकाच देखण्या कोंबड्याची संतती सगळीकडे पसरवण्याचा मोह टाळावा.

निवड रंगावर करू नये, हे विशेष आग्रहाने सांगते. पांढऱ्या-काळ्या रूपाचेच पक्षी ठेवायचे ठरवले तर बुसरातील बाकीची विविधता आपणच फेकून देऊ. त्याचप्रमाणे सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या कोंबडीला सर्वांत चांगली समजू नये, कारण ती बहुधा सर्वांत कमी बसणारी असते. जी नीट बसते आणि पिल्ले जगवते तिची मुलगी ठेवावी.

कोणी विचारील की वीर्य गोठवून ठेवले तर काम होणार नाही का? गाई-म्हशींमध्ये ते सोपे आहे. पक्ष्यांमध्ये मादीची लिंगगुणसूत्रे दोन वेगळ्या प्रकारची असतात आणि त्यांतले एक फक्त मादीकडूनच मुलीला मिळते. ते वीर्यात नसतेच. कोंबडीचे अंडे त्यातल्या मोठ्या बलकामुळे गोठवता येत नाही. भ्रूणातील जननपेशी गोठवण्याचे तंत्र विकसित झाले आहे, परंतु त्याला उत्तम प्रयोगशाळा लागते. या पक्ष्यांचा खरा साठा अजूनही अंगणातच असतो.

मेघनगर_मार्ग

माझे आजोळ झाबुआ जिल्ह्यात आहे, म्हणून कडकनाथच्या अनुभवावरून एक सावधगिरीची सूचना करतो.

कडकनाथही एकेकाळी विरळ झाला होता. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने पिल्ले तयार करून भिल्ल-भिलाला कुटुंबांना दिली, ३० जुलै २०१८ रोजी झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी देशभर पसरली. इथवर सर्व चांगलेच झाले. त्यानंतर महाराष्ट्रात अवाच्या सवा भावाने अंडी परत विकत घेण्याची आमिषे दाखवणाऱ्या योजना निघाल्या, त्यांत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले आणि पक्षी कवडीमोलाने विकले गेले. गैरसमजही भरपूर पसरले. कडकनाथचे अंडे काळे असते असे सांगणारी चित्रे आजही फिरतात, वास्तविक ते फिकट तपकिरी असते.

संवर्धनाच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. कडकनाथचे अंतर्बाह्य काळेपण ज्या जनुकीय बदलामुळे येते तो प्रभावी स्वरूपाचा आहे. कडकनाथ कोंबडा साध्या कोंबडीला लावला तरी पहिल्याच पिढीत, विशेषतः माद्यांमध्ये, काळे पक्षी निपजतात. त्यामुळे मागणी वाढली तेव्हा काळा पक्षी म्हणजे कडकनाथ असे समजून संकरित पिल्ले सर्रास विकली गेली आणि खरेदीदाराला फरक कळला नाही. बुसराला तर असे एकही ठळक लक्षण नाही. उद्या त्याला शहरी बाजारात नाव मिळाले तर कोणतीही पांढरी-काळी गावरान कोंबडी बुसरा म्हणून विकली जाईल. म्हणून प्रसिद्धीच्या आधी गावागावांतील कळपांची नोंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

अंगणपुणे

धागा वाचून फार आनंद झाला. पुण्याजवळ आमची अर्धा एकर जागा आहे. एक कोंबडा आणि पाच कोंबड्या मिळाल्या तर मी त्यांचा नीट सांभाळ करीन. त्याने संवर्धनाला हातभार लागेल का?

वंशावळ

ताई, आपली तळमळ समजते, परंतु एका कोंबड्याचा कळप दोन-तीन पिढ्यांत भावाबहिणींचाच होऊन बसतो आणि मूळ गावातले सहा पक्षी मात्र कमी होतात. पाच गावांचे चक्र स्थिर झाल्यावर त्यातून दरवर्षी जे जास्तीचे नर निघतील ते आणि काही तलंगा बाहेरच्या पालकांना देता येतील. तोपर्यंत थांबावे, अशी विनंती करते.

पशुवैद्य_खानदेश

नर फिरवण्याच्या योजनेला माझी हरकत नाही, परंतु पक्ष्याबरोबर आजारही फिरतो. हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत करावे. आलेला कोंबडा तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात, घरच्या पक्ष्यांपासून दूर ठेवावा आणि त्याला निघण्याआधीच लस दिलेली असावी. ज्या गावात त्याआधीच्या दोन महिन्यांत मरतूक झाली असेल त्या गावाने त्या वर्षी नर पाठवू नये, त्याच्याऐवजी दुसऱ्या गावाचा नर घ्यावा.

रंगावलीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांची अट मान्य आहे. तीन आठवड्यांचे वेगळे खुराडे ज्याच्याकडे नसेल त्याला नर द्यायचा नाही, असे ठरवता येईल.

नोंदीच्या मुद्द्यावर मार्ग उपलब्ध आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने ठेवायच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पाळीव पशुपक्ष्यांच्या स्थानिक जातींना स्थान आहे. बऱ्याच नोंदवह्यांत झाडांची नावे भरलेली असतात आणि कोंबडीची ओळ कोरी असते, ती भरून घेणे आपल्या हातात आहे. नवापूर अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला वजन आहे. ज्या गावांत बुसरा अजून उरला आहे, तिथल्या ग्रामसभांनी ठराव करून पशुसंवर्धन विभागाला विनंती करावी की या गावांत योजनेतून फक्त माद्या द्याव्यात, नर देऊ नयेत; लाभार्थ्यांचे अंड्यांचे उत्पन्न त्याने एका रुपयानेही घटणार नाही, कारण खाण्याच्या अंड्यासाठी नर लागतच नाही. या मागणीचा मसुदा मी तयार करून इथेच ठेवीन. कृपया त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात.

पाचपैकी तीन गावे माझ्या ओळखीत आहेत, दोन नवापूर तालुक्यातली आणि एक साक्रीतले. उरलेली दोन सीमेपलीकडची असावीत असे वाटते, कारण वाण दोन्हीकडचा एकच आहे आणि तिकडचे नर इकडच्या कळपांशी नात्याने दूरचे असतील. सोनगड, उच्छल किंवा डांग भागातले कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांनी गावात किती घरांकडे बुसरा कोंबडे आहेत आणि गेल्या दोन वर्षांत तिथे बाहेरचे नर आले होते का, एवढे कळवावे.